शाळेची पावसाची टाकी किती मोठी असावी?

फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा प्रश्न असा आहे. शाळेत २६० मुलं आणि १६ कर्मचारी. नळाचं पाणी येतं, पण त्याचा भरवसा नाही. आवारातली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. गेल्या उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे सहा टँकर विकत घ्यावे लागले. इमारती दोन: एका इमारतीच्या स्लॅबवर पत्र्याचं छप्पर, ३०० चौरस मीटर, दुसरी जुनी, मंगळुरी कौलांची, २२० चौरस मीटर, तिच्यावर आंब्याच्या फांद्या आलेल्या. ठेकेदार म्हणतो, दोन लाख लिटरची टाकी जमिनीखाली बांधा, वर्षभर पाण्याची काळजी नको. पालक-शिक्षक संघ पैसे उभे करायला तयार आहे. ही टाकी बांधावी का? ते पाणी मुलांना प्यायला चालेल का? की टाकी न बांधता पाणी सरळ विहिरीत सोडावं?

बाई, आधी सरळ उत्तर देतो. दोन लाखांची टाकी बांधू नका. छपराचं पाणी मात्र जरूर धरा, आणि येत्या मृगाच्या आत सुरुवात करा. मुलांना ते प्यायला देऊ नका. विहिरीत सोडण्याचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, त्याकडे सावकाश येतो.

ठेकेदाराचं गणित चुकलेलं नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी. उडालेलं, सांडलेलं वजा करून ऐंशी टक्के हाती येतं असं धरलं, तर ५२० चौरस मीटरवरून साडेबारा लाख लिटर. तुमची गरज बघा. दिवसा भरणाऱ्या शाळेला माणशी रोज ४५ लिटर धरावेत असं बांधकामाची नियमावली सांगते, पण खेड्यातल्या शाळेत प्रत्यक्षात एवढं कोणी वापरत नाही. संडास-मुताऱ्या, हात धुणं, फरशी पुसणं मिळून माणशी पंधरा लिटर पुष्कळ झाले. म्हणजे दिवसाला सुमारे ४००० लिटर. वर्षाचे २२० कामाचे दिवस धरले तर पावणेनऊ लाख. मिळकत साडेबारा, खर्च पावणेनऊ. कागदावर शाळा श्रीमंत आहे.

खोट वेळेत आहे. ते साडेबारा लाख लिटर जवळजवळ सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उतरतात. त्या दिवसांत शाळा फार तर नव्वद दिवस भरते आणि साडेतीन-पावणेचार लाख लिटर वापरते. बाकीचं बहुतेक पाणी टाकीवरून वाहून जाणार, टाकी दोन लाखांची असली तरी. आता सप्टेंबरअखेरीला तुमची दोन लाखांची टाकी काठोकाठ भरलेली आहे असं धरा. ऑक्टोबरपासून रोज चार हजार काढले तर पन्नास शाळेचे दिवस पुरेल. मध्ये दिवाळीची सुटी धरली तरी नाताळापर्यंत टाकी रिकामी. आणि नाताळात तुमच्या विहिरीला पाणी असतं! म्हणजे जेव्हा गरज नव्हती तेव्हा साठा वापरून टाकला, आणि एप्रिलमध्ये पुन्हा टँकरवाल्याला फोन. मी हे दोन शाळांत डोळ्यांदेखत पाहिलं आहे. टाकी उत्तम बांधलेली, आणि एप्रिलमध्ये आत फक्त ओली माती.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की टाकीचा आकार छपरावरून काढू नका, टँकरच्या पावत्यांवरून काढा. गोव्यात छपराची कमतरता कोणालाच नाही. तुम्हाला कमी किती पडतं आणि कधी पडतं, हा खरा प्रश्न आहे. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही सहा टँकर घेतले, म्हणजे साठ हजार लिटर. तुमची तूट एवढीच आहे. दोन लाखांची टाकी म्हणजे वीस टँकरांचा साठा, सहा टँकरांच्या तुटीसाठी. २०२५ पासून सहावी ते दहावीचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं. पूर्वी परीक्षा आटोपल्या की शाळा शांत व्हायची आणि विहिरीच्या तळाकडे कोणाचं लक्ष जायचं नाही. आता नेमक्या त्या दिवसांत वर्ग भरलेले असतात. तूट थोडी वाढेल असं धरून साठ हजारांवर थोडी पुरवणी ठेवा, पण दोन लाखांपर्यंत जाण्याचं कारण नाही.

तर दोन साठे करायचे. एक रोजच्या वापराचा, वीस हजार लिटरचा. दुसरा राखीव, निदान साठ हजारांचा, ज्याच्या नळाला कुलूप. पहिला पावसाळ्यासाठी, दुसरा मार्च-एप्रिलसाठी.

पावसाळ्यात पावसाचं पाणी कशाला, तेव्हा नळाला पाणी असतंच की, असं संघाच्या बैठकीत कोणीतरी नक्की विचारेल. त्यांना २०१९ चा ऑगस्ट आठवून द्या. खांडेपारजवळ मोठी जलवाहिनी फुटली आणि ऐन पावसात फोंडा आणि तिसवाडीचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. बाहेर धो धो पाऊस आणि घरात बादली रिकामी, हे लोकांनी तेव्हा पाहिलं. एवढी मोठी घटना रोज घडत नाही, पण छोट्या घटना रोजच्याच असतात. वादळात झाड तारांवर पडतं, पंप बंद राहतो. नदीला गढूळ पाणी आलं की शुद्धीकरण मंदावतं. रस्त्याच्या कामात कोणीतरी पाइप फोडतो. आपल्याकडे नळ सर्वांत जास्त दगा देतो तो उन्हाळ्यात आणि त्याखालोखाल पावसाळ्यात. संडासात पाणी नसलं की पहिला त्रास मोठ्या मुलींना होतो. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, नाहीतर घरी राहतात. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

वीस हजारांची टाकी म्हणजे पाच शाळेचे दिवस. जुलैत पाऊस पाच दिवस पूर्ण थांबला असं क्वचित होतं. ऑगस्टच्या शेवटी ऊन पडतं तेव्हा थोडी ओढाताण होईल, तेवढे दोन दिवस विहीर आहेच.

आता छपराबद्दल. दोन्ही छपरं घेऊ नका. फक्त पत्र्याची इमारत घ्या. पत्र्यावरून पाणी लवकर आणि स्वच्छ उतरतं, ८५ टक्के हाती लागतं. ३०० चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २५५ लिटर. वीस हजारांची टाकी भरायला ऐंशी मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस लागतो. जुलैत तेवढा पाऊस दोन-तीन दिवसांत सहज पडतो. राखीव साठ हजार भरायला सुमारे २३५ मिलिमीटर लागतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबर मिळून त्याहून कितीतरी जास्त पडतो. कौलारू इमारतीवर शेवाळ असतं, आंब्याचा पाला, मोहोर, कावळ्यांची घाण, त्यात माकडं येत असतील तर बोलायलाच नको. ते छप्पर तसंच राहू द्या. पागोळ्या पडू देत, अंगणात जिरू देत. अर्धा खर्च तिथेच वाचला.

पन्हळीवर मात्र पैसे वाचवू नका. आमच्या धंद्यात सगळ्यांचं लक्ष टाकीकडे असतं आणि काम बिघडतं ते पन्हळीत. आपल्याकडच्या जोराच्या सरीला ताशी शंभर मिलिमीटरचा वेग धरून हिशेब करतात. त्या वेगाला १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा पाइप साधारण चाळीस चौरस मीटर छपराचं पाणी खाली नेऊ शकतो. तुमच्या ३०० चौरस मीटरला असे सात ते आठ पाइप हवेत. ठेकेदाराच्या नकाशात दोन दिसले तर नकाशा परत करा. दोन पाइपांवर पुण्या-सोलापुरात काम चालत असेल, फोंड्यात पन्हळ तुंबून पाणी भिंतीवर येईल. दीडशे मिलिमीटरची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली की दर मीटरला नऊ किलो वजन होतं, त्यात पाला आणि वाऱ्याचे झटके. म्हणून लोखंडी आकडे दर दोन फुटांवर, आणि ते पत्र्याला नाही, खालच्या लोखंडी कैच्यांना पक्के केलेले. उतार शंभराला एक. उतार चुकला की पन्हळीत पाणी साचतं आणि डेंगीच्या डासांना याहून चांगली जागा नाही. लोक टाकीला जाळी लावतात आणि वरच्या पन्हळीत अळ्या वळवळत असतात.

फारच मोठी सर आली तर पन्हळ ओसंडेल. ओसंडू द्या. तुम्हाला थेंब न थेंब धरायचा नाही.

पहिलं पाणी सोडून द्यायची सोय हा दुसरा नाजूक भाग. उन्हाळाभर छपरावर जी धूळ, विष्ठा, पाला साचतो तो पहिल्या सरीबरोबर खाली येतो. दर चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे तुमच्या छपराचे पहिले ३०० लिटर, टाकीत जाता कामा नयेत. आणि इथे सर्रास फसवणूक होते, बहुतेक वेळा अज्ञानापोटी. पाइपाच्या शेवटी मीटरभर तुकडा खाली सोडतात, त्याला बूच लावतात आणि सांगतात, ही तुमची पहिल्या पाण्याची सोय. त्या तुकड्यात आठ लिटर मावतात! तीनशे लिटरसाठी तीनशे लिटरचा पिंपच हवा, किंवा प्रत्येक उभ्या पाइपाला चाळीस लिटरचा. आत तरंगता चेंडू ठेवतात. पिंप भरला की चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी टाकीकडे वळतं. तळाला छोटी तोटी, ती किंचित उघडी, म्हणजे पाऊस थांबल्यावर काही तासांत पिंप आपोआप रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार राहतो. ही तोटी गाळाने बुजते. शिपायाने दर शनिवारी ती उघडून बघायची, एवढं एक काम ठरवून द्या.

मे महिन्यातला अवकाळी पाऊस आणि जूनचे पहिले तीन-चार चांगले पावसाळी दिवस टाकीचा झडपदरवाजा बंदच ठेवा. छप्पर धुऊन निघू द्या. ऑक्टोबरात विजांसह येणारा पाऊसही तसाच, मधल्या कोरड्या दिवसांत धूळ बसलेली असते. डिचोली किंवा सांग्याकडे खनिजाच्या रस्त्यालगत शाळा असती तर मी हे दुप्पट जोरात सांगितलं असतं. तिथली लाल धूळ सहज सुटत नाही.

ठेकेदाराने टाकीआधी वाळू, खडी आणि कोळशाची गाळणी दाखवली असेल. जवळजवळ प्रत्येक नकाशात ती असते. तिचा हिशेब करून बघा. जोराच्या सरीत तुमच्या छपरावरून तासाला तीस हजार लिटर पाणी येतं. वाळूच्या एक चौरस मीटर थरातून तासाला फार तर पाच हजार लिटर जातं. म्हणजे सहा चौरस मीटरची गाळणी हवी, खोलीएवढी. नकाशात असते तीन बाय तीन फुटांची. मग काय होतं? गाळणी ओसंडते, पाणी बाहेर जातं, जुलैच्या मध्यात कोणीतरी कंटाळून वाळू काढून टाकतो. टाकीआधी जाळी ठेवा आणि गाळ बसायला एक छोटी कुंडी ठेवा. वाळूची गाळणी हवीच असेल तर टाकीनंतर, पंपाच्या पुढे लावा. तिथे दिवसाला चारच हजार लिटर सावकाश जायचे असतात, छोटी गाळणी आरामात पुरते.

आता टाकी जमिनीखाली नको असं मी का म्हणतो ते सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी पेडण्याच्या बाजूला एका शाळेसाठी मी चाळीस हजार लिटरची काँक्रीटची टाकी जमिनीखाली आखली होती. जागा सखल, शेताला लागून. जुलैत आत काहीतरी मेलं म्हणून शाळेने शनिवारी ती पूर्ण उपसून धुतली. त्या रात्री आणि रविवारी मुसळधार पाऊस झाला. सोमवारी टाकीचा एक कोपरा वीतभर वर आलेला, सगळे पाइप तुटलेले. भोवतालच्या जमिनीत पाणी वरपर्यंत चढलं होतं आणि रिकामी टाकी होडीसारखी तरंगली. मी पाहणी एप्रिलमध्ये केली होती, तेव्हा खड्डा सुका खडखडीत होता. जुलैत त्या जागेला पाणी कुठवर येतं हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. साठ हजारांची रिकामी टाकी वर ढकलणारा जोर साठ टनांच्या घरात जाऊ शकतो, त्यापुढे स्लॅबचं वजन कमी पडतं. शिवाय जमिनीखालच्या टाकीत बारीकशी भेग पडली की संडासाच्या शोषखड्ड्याचं पाणीही आत येऊ शकतं आणि वरून काहीच दिसत नाही.

तुमची इमारत एकमजली आहे, वळचण नऊ-दहा फुटांवर असेल. दोन मीटर उंचीची टाकी जमिनीवर ठेवली तरी पाणी आपोआप तिच्यात उतरतं. दहा हजार लिटरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्या सहज मिळतात. त्या एकमेकींना जोडल्या की एक गळाली किंवा धुवायची झाली तर तेवढीच बंद करता येते. काळा रंग महत्त्वाचा, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. फक्त चौथरा नीट हवा. भरलेली एक टाकी दहा टन वजनाची असते. भरावाच्या मातीवर ठेवली तर पहिल्याच पावसात कलते. जांभा लागेपर्यंत खोदून, चिऱ्यांचा चौथरा, वर काँक्रीटचा थर. पैसे जास्त असतील आणि सलग टाकी हवी असेल तर जमिनीवरची काँक्रीटची बांधा. नुसत्या चिऱ्यांची, आतून गिलावा केलेली टाकी नको. चिरा पाणी पितो आणि गिलाव्याला केसासारख्या भेगा जातातच.

झाकणांना कुलूप. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, अट म्हणून सांगतो. शाळेच्या आवारात उघडं राहिलेलं टाकीचं झाकण मला बघवत नाही. हवेच्या नळीला आणि ओसंडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी, ती फाटली की त्याच दिवशी बदला.

प्यायच्या पाण्याविषयी. पावसाचं पाणी आकाशातून उतरतं तेव्हा स्वच्छ असतं, छपरावरून उतरतं तेव्हा नसतं. उकळून, क्लोरीन घालून, तपासून ते पिण्याजोगं करता येतं आणि काही ठिकाणी लोक वर्षानुवर्षं तेच पितात. पण शाळेत २६० मुलांसाठी रोज न चुकता ते करायला एक जबाबदार माणूस लागतो, आणि तो रजेवर गेला की पोरं तेच पाणी पितात. तुमच्याकडे नळाचं शुद्ध केलेलं पाणी आहे. प्यायला दिवसाला फार तर सातशे-आठशे लिटर लागतात, तेवढं नळ देतो. छपराच्या पाण्याने मोठा भार उचलला की नळाचं पाणी पिण्यासाठी शिल्लक राहतं, यात खरा फायदा आहे. माध्यान्ह आहाराची भांडी धुवायलाही नळाचंच वापरा.

दोन्ही पाण्यांचे पाइप कुठेही जोडलेले नकोत, झडप लावूनसुद्धा नको. झडप आज ना उद्या गळते आणि छपराचं पाणी नळाच्या पाइपात शिरतं. पाइप वेगळ्या रंगाचे ठेवा, आणि पावसाच्या प्रत्येक तोटीवर मराठीत ठळक लिहा की हे पिण्याचं पाणी नाही.

तरीही हात धुण्याच्या नळाला मुलं तोंड लावतातच, पाचवीतलं पोर पाटी वाचत थांबत नाही. म्हणून रोजचं पाणी पंपाने ज्या छोट्या टाकीत चढवाल तिच्यात क्लोरीन घाला. २५ टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला चार ग्रॅम, म्हणजे तुमच्या रोजच्या चार हजारांना सोळा ग्रॅम. बादलीभर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग नळाच्या शेवटच्या तोटीला तपासणीच्या थेंबांनी पिवळसर छटा आली पाहिजे. भारतीय मानक १०५०० पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा असं सांगतं, तेवढा हात धुण्याच्या पाण्यालाही ठेवला तर मन निर्धास्त राहतं. आपल्या दमट हवेत उघडी पावडर काही आठवड्यांत निकामी होते, म्हणून लहान पाकिटं घ्या. राखीव टाकीत आधीच क्लोरीन घालून ठेवण्यात अर्थ नाही, महिन्याभरात तो उडून जातो. ती उघडाल तेव्हा, रोज काढाल तेवढ्या पाण्यातच घाला.

राखीव टाकी कधी भरायची? ऑगस्टच्या मध्यापासून. तोवर छप्पर अडीच महिने धुतलं गेलेलं असतं, पाणी सगळ्यात निवळ तेव्हाच येतं. चतुर्थीच्या सुटीत शाळा बंद, वापर शून्य आणि पाऊस चालू. सुटीवर जाण्याआधी शिपायाने जाळ्या साफ करून झडप राखीव टाकीकडे वळवून ठेवली तर मुलं परत येतात तेव्हा टाकी बहुतेक भरलेली असते. मग कुलूप, आणि किल्ली तुमच्या कपाटात. नोव्हेंबरात कोणीतरी बागेसाठी मागेल, डिसेंबरात स्नेहसंमेलनासाठी मागतील. देऊ नका.

आता विहीर. बाई, जुलैत तुमच्या विहिरीचं पाणी कुठे असतं? तुम्ही लिहिलं आहे की काठावरून वाकून तांब्याने घेता येतं. मग त्या विहिरीत छपराचं पाणी सोडून काय मिळणार? भरलेल्या घागरीत आणखी ओतण्यासारखं आहे. आपल्याकडे सांजावाच्या सणाला, २४ जूनला, पोरं विहिरींत उड्या मारतात, तोवर विहिरी भरलेल्या असतात. देशावर, जिथे पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि पाण्याची पातळी खोल असते, तिथे विहीर पुनर्भरणाने गावं सावरली आहेत. तीच योजना जशीच्या तशी इथे आणली की पैसे वाया जातात. आपला जांभा चाळणीसारखा आहे. पाणी चटकन आत घेतो आणि चटकन खालच्या झऱ्यांना, ओहोळांना देऊनही टाकतो. जुलैत विहिरीत ढकललेलं पाणी एप्रिलपर्यंत तिथे थांबत नाही. शिवाय छपराची घाण सरळ विहिरीत जाते ती वेगळी.

शाळा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उंच पठारावर असती, विहीर खोल आणि भर पावसातही अर्धी रिकामी असती, तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथे शोषखड्डे करावेत, जरूर करावेत. तुमची विहीर उताराच्या पायथ्याशी आहे. तिला एप्रिलमध्ये पाणी हवं असेल तर वरच्या बाजूला पाणी हळू चालवायला हवं. मैदानाच्या वरच्या कडेला उताराला आडवे उथळ चर, त्यांच्या काठाने झाडं. अंगणात पेव्हर घालायचा विचार कोणी मांडला तर विरोध करा. गेल्या काही वर्षांत शाळांची आणि देवळांची अंगणं ज्या वेगाने फरशीखाली गेली आहेत ते बघून मला खरंच वाईट वाटतं. मे महिन्यात, विहीर तळाला असताना, गाळ उपसून घ्या. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त वर्षं राहून जातं. जवळच्या ओहोळावर बंधारा असेल तर पाऊस संपल्यावर त्याच्या फळ्या वेळेवर बसतात का, ते पंचायतीत विचारा. महिनाभर उशीर झाला तर तेवढं पाणी समुद्राला मिळालेलं असतं, आणि तुमच्या विहिरीची एप्रिलची पातळी छपरापेक्षा त्या फळ्यांवर जास्त अवलंबून असेल. नवी कूपनलिका खणायचं कोणी सुचवलं तर २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली आधी परवानगी लागते, हे लक्षात ठेवा. अनुदानाबाबत जलस्रोत खात्यात चौकशी करा, आणि काम सुरू करण्याआधी करा.

कामाचा क्रम असा ठेवा. या वर्षी पन्हळ, पाइप, पहिल्या पाण्याचे पिंप आणि वीस हजारांचा साठा. त्याबरोबर टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावर एक साधं मीटर. मुलांकडून रोज तीन गोष्टी वहीत लिहून घ्या: मीटरचा आकडा, सरळ बाजूंच्या डब्यात जमलेला पाऊस मिलिमीटरमध्ये, आणि काठापासून विहिरीतल्या पाण्यापर्यंतचं अंतर, गाठी मारलेल्या दोरीने. सातवी-आठवीच्या मुलांना हे आवडतं, आणि त्यांच्या नोंदी मोठ्या माणसांपेक्षा प्रामाणिक असतात. राखीव टाकीचा चौथरा आताच बांधून ठेवा, पण टाक्या पुढच्या वर्षी घ्या. तोवर तुमचा माणशी वापर पंधरा लिटर आहे की बावीस, आणि विहीर नेमकी कोणत्या आठवड्यात आटते, हे वहीत आलेलं असेल. सहा टाक्या लागतील की आठ, ते तेव्हा ती वही बघून ठरवू.